वर बर्फ, खाली दूध नासते

पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकला की फ्रिज गार होत नसल्याच्या तक्रारी वाढतात आणि पुष्कळदा मागचे झाकण उघडण्याआधीच ‘गॅस संपलाय’ असे निदान होते. हे मला मुळीच पटत नाही. फ्रिजमधला गॅस बंद नळ्यांतून फिरत राहतो, वापराने तो संपत नाही. कमी झालाच असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता गॅस भरणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे.

आमच्या कोथरूडच्या घरातील दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये वर आइस्क्रीम दगडासारखे घट्ट होते, खालचे दूध मात्र तापवताना फाटत होते. अशा फ्रिजमध्ये गारवा देणारी कॉइल फ्रीजरच्या मागच्या पॅनेलआड असते आणि तिथली हवा पंखा खालच्या कप्प्यात ढकलतो. कॉइलवर जमणारे हिम वितळवायला एक हीटर अधूनमधून चालतो. तो, त्याचा सेन्सर किंवा टायमर बिघडला की बर्फ साचत जाऊन हवेची वाटच बंद होते. आमच्या पॅनेलवर पांढरा भुरभुरीत थर दिसत होता आणि पंख्याची पाती बर्फाला घासल्याची खरखर ऐकू येत होती.

प्लग काढून दोन्ही दारे दिवसभर उघडी ठेवली, खाली जुने टॉवेल अंथरले. फ्रिज पूर्ववत गार झाला, पण काही दिवसांत पुन्हा तेच. म्हणजे दोष बर्फ वितळवणाऱ्या यंत्रणेतच होता. तंत्रज्ञाने मीटर लावला तेव्हा हीटर जळालेला निघाला. बर्फ सुरीने खरवडू नये, कारण कॉइलला भोक पडले तर खरोखरच गॅस जातो.

तंत्रज्ञाला बोलावण्याआधी साध्या गोष्टी पाहाव्यात. दाराच्या रबरात कागद धरून ओढावा. तो सहज निसटला तर रबर सैल आहे. पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर ठेवून तो मधल्या कप्प्यात रात्रभर राहू द्यावा. सकाळी साधारण 4 अंश सेल्सिअस दिसायला हवे.

दोन्ही कप्पे कोमट आणि कॉम्प्रेसर मात्र अखंड चालू, असे असेल तर गळतीची शंका रास्त आहे. अनेक नव्या फ्रिजमध्ये आर-600ए हा ज्वलनशील वायू असतो, त्यामुळे ते काम प्रशिक्षित तंत्रज्ञाकडेच सोपवावे आणि गळती कुठे सापडली, हे त्याला दाखवायला सांगावे.