पुढच्या गाडीपासून दोन सेकंद

कॅलिफोर्नियातील फ्रीमॉन्ट येथे आमच्याकडे प्लग-इन हायब्रिड गाडी येऊन आता तीन वर्षे झाली. रात्रभर घरी चार्ज केल्यावर ती साधारण ४० मैल केवळ विजेवर चालते आणि त्यानंतर पेट्रोलचे इंजिन काम हाती घेते. तिच्यातील ॲडाप्टिव्ह क्रूझ कंट्रोल, म्हणजे ठरवलेला वेग आणि पुढच्या गाडीपासूनचे अंतर आपोआप राखणारी सोय, मी आरंभी पायाला विश्रांती म्हणून वापरत असे. त्याची खरी पारख झाली ती साताऱ्याहून आई सहा महिन्यांसाठी राहायला आली तेव्हा. आईला गाडी लागते. खंबाटकीचा घाट तिने आयुष्यभर खिडकीची काच खाली करून आणि तोंडात आलेपाकाची वडी धरून पार केला आहे, त्यामुळे गाडीचा बारीकसा हिसकाही तिला माझ्याआधी कळतो.

क्रूझ कंट्रोलची कल्पना ज्यांच्या नावावर आहे, ते अमेरिकन अभियंते राल्फ टीटर यांची दृष्टी लहानपणीच गेली होती. त्यांना पेटंट १९५० मध्ये मिळाले आणि १९५८ मध्ये क्रायस्लरने ही सोय आपल्या गाड्यांत दिली. वेग स्थिर ठेवण्याचे हे यंत्र ज्याला आयुष्यभर दुसऱ्याच्या शेजारी बसून प्रवास करावा लागला अशा माणसाला सुचावे, यात मला मोठी संगती दिसते, कारण चालवणाऱ्याला स्वतःच्या पायाचे धक्के सहसा जाणवत नाहीत.

आजचे क्रूझ ठरवून दिलेला वेग राखते आणि शिवाय रडारने पुढच्या गाडीचा माग ठेवते. ते अंतर मीटरांत मोजण्याऐवजी वेळेत मोजते, म्हणजे ताशी ६५ मैलांना दोन सेकंद राखायचे ठरले तर मध्ये सुमारे ५८ मीटर मोकळे राहतात आणि वेग उतरला की अंतरही आपोआप आखडते. मी बराच काळ सर्वांत कमी अंतर निवडत असे, कारण मोकळी जागा दिसली की कोणीतरी लेन बदलून मध्ये शिरेल, अशी मला धास्ती होती. आई आल्यावर सर्वांत जास्त अंतर लावले आणि वीज खर्च होते की परत मिळते हे दाखवणारा डॅशबोर्डवरचा काटा वेगळा वागू लागला. अंतर पुरेसे असले की गाडीला हळूहळू वेग उतरवता येतो आणि तेवढे काम विजेची मोटर एकटी करते. ती त्या वेळी जनित्रासारखी फिरून वीज बॅटरीत परत पाठवते. अंतर कमी असले की अचानक जोराने थांबावे लागते, मोटरची ताकद अपुरी पडते आणि ब्रेकचे पॅड चाकाची तबकडी आवळून धरतात. जी गती विजेच्या रूपाने परत मिळाली असती ती उष्णता होऊन वाया जाते, आणि आईला मळमळते. मध्ये शिरणारे शिरतातच, परंतु गाडी सावकाश मागे सरून पुन्हा अंतर राखते आणि त्यात गमावलेला वेळ मला एकदाही जाणवला नाही.

या यंत्राची एक उणीव मात्र गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने आधीच समजून घ्यावी. रस्त्यालगतचे खांब, फलक आणि पुलांचे कठडे यांवरूनही रडारचे प्रतिध्वनी येतात, म्हणून अशा प्रणाली महामार्गाच्या वेगात स्थिर वस्तूंकडे बऱ्याच अंशी दुर्लक्ष करतात. आठशे ऐंशी क्रमांकाच्या फ्रीवेवर एका संध्याकाळी माझ्या पुढची गाडी ऐन वेळी शेजारच्या लेनमध्ये गेली आणि तिच्या पुढे एक ट्रक पूर्ण थांबलेला होता. रडारला पुढचा रस्ता मोकळा वाटला आणि आमची गाडी ठरलेला वेग गाठण्यासाठी पुढे झेपावली. माझा पाय ब्रेकजवळ होता म्हणून निभावले. तेव्हापासून मी पुढच्या गाडीच्या काचेतून तिच्याही पुढची वाहने पाहत असतो.

नाताळच्या सुट्टीत आम्ही लॉस एंजेलिसला गेलो. आय-५ हा महामार्ग सेंट्रल व्हॅलीतून बराचसा दोन-दोन लेनचाच आहे. मोटारींना ७० आणि ट्रकना ५५ मैलांची मर्यादा आहे. एक ट्रक दुसऱ्याला ओलांडू लागला की क्रूझ इतक्या हळुवारपणे वेग उतरवते, की आपण ५७ वर आलो आहोत हे बराच वेळ कळतही नाही. खरी परीक्षा ग्रेपव्हाइनच्या चढावर असते. तिथे ६ टक्क्यांचा चढ तेहोन खिंडीपर्यंत १,२६३ मीटर उंचीवर नेतो. चढ लागला म्हणून क्रूझ वेगाशी तडजोड करत नाही, त्यामुळे बॅटरी रिकामी असेल तर इंजिन एकदम मोठ्याने ओरडू लागते आणि तो हिसका मागच्या सीटपर्यंत पोहोचतो. हे आधीच्या एका प्रवासात अनुभवले होते. म्हणून या वेळी आल्टामाँटची खिंड ओलांडल्यावर लगेच बॅटरी राखून ठेवण्याचे बटण दाबले, सपाट रस्ता पेट्रोलवर कापला आणि जपलेली वीज चढावर वापरली. मोटर आणि इंजिन दोन्ही मिळून ओढत असल्याने वेग ६० वर स्थिर राहिला आणि आई खिडकीतून डोंगर पाहत बसली. परतीच्या उतारावर क्रूझनेच वेग आवरला आणि शून्यावर आलेल्या बॅटरीत काही मैलांची वीज जमा झाली.

उतार संपल्यावर सेंट्रल व्हॅलीत दाट धुके लागले. तिकडच्या हिवाळ्यातील या धुक्याला टूली फॉग म्हणतात. रडारला धुक्यातूनही दिसते, पण किती वेगाने जायचे हे रडार ठरवत नाही, म्हणून मी क्रूझ बंद केले आणि धूसर तांबड्या दिव्यांमागे ताशी ३० मैलांनी, कधी ब्रेक तर कधी ॲक्सिलरेटर दाबत निघालो. दहा मिनिटांत आईने आलेपाकाचा डबा मागितला.