अस्वलासाठी कुत्रा निवडताना

सिएटलच्या पूर्वेला कॅस्केड पर्वतरांग आहे आणि तंबू घेऊन तिथे दोन-तीन दिवस राहणे हा आमचा उन्हाळ्यातील ठरलेला कार्यक्रम आहे. मागच्या वर्षी एका पहाटे काळ्या अस्वलाने आमची सॅक फाडून आतील चिवडा फस्त केला (ती तंबूपाशीच ठेवण्याची चूक अर्थात माझी होती), आणि तेव्हापासून बायकोने कुत्रा पाळण्याचा धोशा लावला. हा बेत मी जुन्नरला आईच्या कानावर घातला, तेव्हा ती म्हणाली, “अरे, आपल्याकडं कुत्र्यासाठी बिबट्या पार ओट्यापर्यंत येतो, आन् तू अस्वल घालवायला कुत्रं पाळतोस व्हय?” त्या वेळी मी हसण्यावारी नेले.

या कामासाठी सर्वांत आधी नाव निघते ते कारेलियन बेअर डॉगचे. फिनलंड आणि रशिया यांच्या सीमेवरील कारेलिया प्रदेशातील ही काळी-पांढरी, उभ्या कानांची शिकारी जात आहे. वजन पंचवीस किलोंच्या आसपासच असते. अस्वलाशी झुंजणे हे तिचे कामच नव्हे. चपळाईने त्याच्याभोवती फिरत, पंजा चुकवत आणि अखंड भुंकत त्याला एका जागी अडकवून ठेवायचे, ही तिची पद्धत आहे. वॉशिंग्टन राज्याच्या वन्यजीव विभागाने या कुत्र्यांचा मोठा चांगला उपयोग करून घेतला आहे: वस्तीत शिरणारे अस्वल सापळ्यात पकडायचे आणि सोडताना कुत्र्यांचे भुंकणे, माणसांचा आरडाओरडा व रबरी गोळ्या यांचा एकदम मारा करायचा, म्हणजे माणसाजवळ जाणे महागात पडते हे त्याच्या लक्षात राहते. मात्र तिथे कुत्रा प्रशिक्षित माणसाच्या हातात असतो आणि सोबत बंदूक असते, हे मी सुरुवातीला सोयीस्करपणे विसरलो होतो.

एका पैदासकाराकडे जाऊन दोन वर्षांची मादी प्रत्यक्ष पाहिली. देखणी होती, पण मी हाक मारली, चुचकारले, खाऊ दाखवला, तरी तिची नजर माझ्या खांद्यावरून मागच्या झाडावरील खारीवरच खिळलेली होती आणि ताणलेल्या पट्ट्यामुळे तिचा श्वास घरघरत होता. हीच कुत्री रानात अस्वलामागे सुटली, तर तिला कोणत्या हाकेने परत बोलावणार?

खरा धोका तिथेच आहे. अस्वलांच्या हल्ल्यांचे ज्येष्ठ अभ्यासक स्टीफन हेरेरो यांनी उत्तर अमेरिकेतील 2010 ते 2013 या काळातील काळ्या अस्वलांचे हल्ले तपासले, तेव्हा त्यांपैकी निम्म्याहून अधिक घटनांमध्ये कुत्रा होता असे आढळले. मोकळा कुत्रा वास काढत पुढे जातो, पिल्लांसोबतच्या मादीवर भुंकतो, ती उलटली की घाबरतो आणि आसऱ्यासाठी थेट मालकाकडे धावत येतो. त्याच्या मागोमाग ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगाने अस्वलही येते. आईच्या ओट्यावरचा बिबट्या मला तेव्हा आठवला.

ग्रेट पिरेनीज किंवा अनातोलियन शेफर्ड यांचाही विचार केला, पण ते मेंढरांचे राखणदार. कळप आणि कुरण हेच त्यांचे जग असते. रोज नव्या जागी मुक्काम करणाऱ्या माणसांबरोबर त्यांनी राखायचे तरी काय?

शेवटी जात हा मुद्दाच मी सोडून दिला. आश्रयगृहातून पाच वर्षांचा, लॅब्रॅडॉरच्या वळणाचा एक तांबूस मिश्र कुत्रा घेतला. तो आपल्यालाच घ्यायचा, हे आवारातून ससा पळाला तेव्हा ठरले: तो चार पावले धावला, हाक ऐकून थांबला आणि मागे वळला. नाव तांबू.

आता तो सहा फुटी पट्ट्यावर चालतो, रात्री तंबूच्या आत झोपतो आणि त्याचे कोरडे खाणे, एवढेच काय तर त्याची चाटूनपुसून स्वच्छ केलेली ताटलीसुद्धा, आमच्या अन्नाबरोबर अस्वलाला उघडता न येणाऱ्या डब्यात तंबूपासून दूर जाते. माउंट रेनियरसारख्या राष्ट्रीय उद्यानाच्या पायवाटांवर जवळपास सर्वत्र कुत्र्यांना बंदी असल्यामुळे आम्ही राष्ट्रीय वनांतील वाटा निवडतो. तिखटाचा फवारा मात्र माझ्या कमरेलाच असतो, सॅकच्या तळाशी नव्हे.

ऑगस्टमध्ये हकलबेरीच्या झुडपांतून जाताना तांबू अचानक थबकला. वाटेवर बियांनी भरलेली जांभळट विष्ठा होती, अजून ओली. तो भुंकला नाही. मानेवरचे केस उभे राहिले आणि त्याने एकदा झुडपांकडे व एकदा माझ्याकडे पाहिले. मी पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन आखूड केला, मोठ्याने बोलत राहिलो आणि तिघेही आल्या वाटेने माघारी फिरलो.