आमची वाटचाल : मंडईतला गाळा

आले, लसूण, मिरची आणि लिंबू यांचा आमचा व्यापार आजोबांनी पुण्याच्या महात्मा फुले मंडईत सुरू केला. आज तिसऱ्या पिढीत मी त्याच गाळ्यावर बसतो, म्हणून आमची हकिगत या वास्तूपासूनच सांगावी लागते.

शनिवारवाड्यापुढच्या मोकळ्या पटांगणात भरणाऱ्या भाजीबाजाराला हक्काचे छप्पर मिळावे, म्हणून नगरपालिकेने शुक्रवार पेठेत ही इमारत बांधली. सुमारे 3 लाख रुपये खर्चून, वासुदेव बापूजी कानिटकर यांच्या हातून ती उभी राहिली आणि 1886 साली गव्हर्नरांच्या नावाने ‘रे मार्केट’ म्हणून सुरू झाली. नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुले यांनी या खर्चाला विरोध केला होता. तोच पैसा शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने मंडईला फुले यांचेच नाव मिळाले. ते नाव आमच्या बिलांवर छापताना मला आजही अभिमान वाटतो, कारण शेतकऱ्याच्या कष्टाचा हिशेब मांडणारा दुसरा माणूस या शहराने क्वचितच पाहिला असेल.

आजोबा सासवडकडून आले तेव्हा मंडईबाहेर गोणपाट अंथरून बसत. गाळा मिळाल्यावर मधल्या अष्टकोनी मनोऱ्याखालून येणारी वर्दळ थेट समोरून जाऊ लागली. उंच छतामुळे आत हवा खेळती राहते, त्यामुळे भर उन्हाळ्यातही आमचे आले लवकर सुकत नाही. या व्यापारात एवढी गोष्टसुद्धा मोठी आहे.

आमची खरी कसोटी लागली ती घाऊक बाजार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेल्यावर. तोवर माल जवळच मिळे. नंतर मात्र वडील पहाटे तिकडे जाऊन, आडत्यांकडे माल पारखून, टेम्पोने सकाळी सातच्या आत मंडईत आणू लागले. वाहतुकीचा खर्च वाढला, पण पारख स्वतःची राहिल्यामुळे खानावळी आणि हॉटेलवाले आमच्याकडे बांधले गेले, आणि आजही आमचे निम्मे उत्पन्न त्यांच्याकडूनच येते.

परिसरात खोदकाम चालू होते त्या वर्षांत किरकोळ गिऱ्हाईक फार रोडावले आणि आम्हाला एक नोकर कमी करावा लागला, याचे मला अजून वाईट वाटते. 29 सप्टेंबर 2024 रोजी मंडईचे भुयारी मेट्रो स्थानक सुरू झाले. आता गाडी लावायला जागा नाही म्हणून येणे सोडलेली पिंपरी-चिंचवडची जुनी गिऱ्हाइके पुन्हा येऊ लागली आहेत, आणि लोणच्याच्या हंगामात लिंबांची पाटी मला दुपारच्या आतच दुसऱ्यांदा भरावी लागते.