काकूचे अकरा किलो

आमच्याकडे वेचलेल्या कापसाचं मोजमाप दिवस मावळायच्या वेळेला व्हायचं. गाव घाटंजी तालुक्यातलं, वावर गावापासून दीडेक किलोमीटर. धुऱ्यावरच्या बाभळीला काटा टांगायचा, बाया आपापलं गाठोडं घेऊन यायच्या, मी ते आकड्याला अडकवायचो. बाबा वजन मोठ्यानं म्हणायचे आणि वहीत लिहायचे. वेचणी किलोला २ रुपये, चुकारा बाजाराच्या आदल्या संध्याकाळी. १२ बाया, ६ दिवस, म्हणजे ७२ आकडे. कंदिलाच्या उजेडात त्यांची बेरीज करता करता बाबांचे डोळे दुखायचे. लोडशेडिंगमुळे लाईन रात्री दहाच्या आत क्वचितच यायची.

मी तेव्हा बी.एस्सी. करून घरी होतो. २००३ च्या दिवाळीत पुण्याहून आत्तेभाऊ आला आणि त्याचा जुना पाम एम-१०० मला देऊन गेला. तळहातात मावणारं यंत्र, १६ मेगाहर्ट्झचा ड्रॅगनबॉल प्रोसेसर, २ एमबी मेमरी, १६० बाय १६० ठिपक्यांचा कृष्णधवल पडदा. आणि चालायचं कशावर, तर रिमोटमधल्या दोन बारक्या सेलवर! कॉलेजच्या लॅबमधल्या कॉम्प्युटरला वीज लागायची. याला लागत नव्हती. मला तेवढंच पुरेसं होतं.

तालुक्याच्या कॅफेत सिरियल केबल जोडून मी त्यावर प्लुआ चढवलं. लुआ ही ब्राझीलमध्ये रिओच्या पीयूसी विद्यापीठात १९९३ मध्ये जन्मलेली प्रोग्रामिंगची भाषा. पोर्तुगीजमध्ये लुआ म्हणजे चंद्र. मार्सिओ मिगुएलेट्टो दे आंद्रादे यांनी ती पामवर आणली, तेच प्लुआ. त्याचा खरा गुण हा की मेमोपॅडमध्ये, म्हणजे पामच्या टिपणवहीत, प्रोग्राम लिहायचा आणि तिथल्या तिथे, त्याच यंत्रावर कम्पाइल करून, म्हणजे यंत्राला कळेल अशा रूपात बदलून, चालवायचा. मध्ये कॉम्प्युटर लागतच नाही. वावरात काही अडलं तर वावरातच दुरुस्त करता यायचं. तेव्हापासून आजपर्यंत किती भाषा नि किती यंत्रं हाताखालून गेली, पण एवढी मोकळीक मला पुन्हा कुठे मिळाली नाही.

लिहायचं ग्राफिटीत, म्हणजे पामच्या पडद्यावर लिहायच्या खास लिपीत. डाव्या बाजूला अक्षरं, उजव्या बाजूला आकडे, प्रत्येक अक्षर एकाच रेघेत. इंग्रजी ए काढायचा तर मधली आडवी दांडी गाळायची. कंस नि अवतरणचिन्हं यांच्यासाठी आधी एक ठिपका टेकवायचा, मग खूण काढायची. आठवडाभरात हात बसला. बैलाला पाणी पाजता पाजता मी मांडीवर बोटानं अक्षरं गिरवायचो, तेव्हा बाबा विचारायचे, "काय लिवून राहिला रे?"

लुआ मुळात माहिती भरायच्या नि मांडायच्या कामातून उगवलेली भाषा. तिच्या आधी तिथे डीईएल आणि एसओएल अशा दोन छोट्या भाषा होत्या, तेल कंपनी पेट्रोब्रासच्या कामासाठी केलेल्या. हे मी कॅफेत छापून आणलेल्या कागदांत वाचलं आणि डोक्यात उजेड पडला. नोंदींसाठी वेगळी फाईल कशाला हवी? नोंद हाच प्रोग्राम. वेचणीचा व्ही, कंस, अवतरणात काकू, स्वल्पविराम, साडेतेवीस, कंस पुरा. झाली एक ओळ. बाबा वजन म्हणतील तशी मी एकेक ओळ लिहायची, शेवटी चालवायचं, की आठवड्याची बेरीज समोर.

अडचणी होत्या त्या यंत्राच्या मापाच्या. एका मेमोत ४,०९६ अक्षरांपेक्षा जास्त मावत नव्हती, म्हणून दर आठवड्याला नवा मेमो. त्यात मूळ प्रोग्राम चिकटवायचा, तर कॉपी करताना एका वेळी १,००० अक्षरंच उचलली जायची. मी प्रोग्राम घासून घासून हजाराच्या आत आणला. सगळ्या नावांची एकेक अक्षरं केली, रिकाम्या जागा काढल्या. जमिनीचा तुकडा लहान असला की माणूस धुऱ्यालासुद्धा तूर लावतो, तसं ते काम होतं आणि मला त्यात फार समाधान मिळायचं.

पहिल्या आठवड्यात बेरजा बरोबर आल्या, पण नावं भलत्याच क्रमानं. लुआचं टेबल नावावरून किंमत झटकन शोधून देतं, पण कोण आधी आलं नि कोण नंतर, हे लक्षात ठेवत नाही. बाबांच्या वहीत क्रम ठरलेला, ताळा जुळवायला त्रास व्हायला लागला. म्हणून मी बायांची एक यादी वर लिहून ठेवली आणि त्या यादीप्रमाणेच बेरजा दाखव असं सांगितलं.

तिथेच चूक झाली. तिसऱ्या आठवड्याचा चुकारा वाटून झाला आणि काकू ओट्यावरून उठेनाच. ती आमच्या नात्यातली नाही, गावातली, पण सगळ्यांचीच काकू. म्हणाली, "माहे अकरा किलो कुठी गेले रे बाप्पा?" लिहिता न येणाऱ्या बाईनं सहा दिवसांचे आकडे तोंडपाठ ठेवले होते. बाबांनी वही काढली. काकूचं बरोबर होतं.

कंदील जवळ ओढून मी एकेक ओळ पाहिली. बुधवारी दुपारी पाऊस भुरभुरला म्हणून वेचणी लवकर थांबली होती, काकूचे अकराच किलो भरले होते. त्या ओळीतल्या काकूचा के मोठ्या लिपीतला होता. ग्राफिटीत खालून वर सरळ रेघ ओढली की पुढचं अक्षर मोठं होतं. अंधारात हात घसरला असणार. लुआच्या दृष्टीनं छोट्या केची काकू एक आणि मोठ्या केची काकू दुसरी. दुसरीच्या नावावर अकरा किलो गुपचूप जमा झाले, आणि ती माझ्या यादीत नव्हती म्हणून ते कधी दिसलेच नाहीत. २२ रुपये. बाबांनी ते लगेच दिले आणि मला म्हणाले, "तुह्या डब्बीवर इस्वास ठेवला म्या, तिच्या याददास्तीवर नाही. उलटं पायजे होतं."

त्याच रात्री दोन ओळी घातल्या: नाव आधी लहान लिपीत कर, आणि यादीत नसलेलं नाव आलं तर बेरीज न करता थांब, ओरड. आजही पगाराच्या नि हिशोबाच्या कामात मी पहिल्यांदा हेच तपासतो, की अनोळखी नाव आलं तर यंत्र गप्प राहतं का.

सेलचं दुखणं वेगळंच. मेमरी सेलवरच जिवंत राहायची. सेल पूर्ण उतरले तर सगळं पुसलं जायचं. बदलताना जुने काढून नवे घालायला जेमतेम मिनिटभर सापडायचं. गावातल्या दुकानात टॉर्चचे मोठे सेल मिळत, हे बारके नाहीत. एकदा जानेवारीत चार दिवसांच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. वही होती म्हणून निभावलं. बाबांनी वही बंद केली नाही हे फार बरं केलं.

पण ते अकरा किलो माझ्या मनातून जाईनात. काकूला पडदा दाखवला तरी तिला तो वाचता येत नव्हता. नावं रोमन, आकडेही इंग्रजी. पामला देवनागरी येत नव्हती. काकूला कॅलेंडरवरचे मराठी आकडे मात्र ओळखता यायचे. एकादशी नि बाजाराचा दिवस ती त्यावरूनच सांगायची.

प्लुआत पडद्यावर रेघ मारता यायची. चौकटीच्या वहीत ८ बाय १२ च्या घरात मी शून्यापासून नवापर्यंत आकडे सरळ रेघांनी काढले, प्रत्येक टोकाची घरं मोजली आणि ती लुआच्या टेबलात भरली. ८ ला तीनच रेघा पुरल्या. ६ आणि ९ नी दोन रात्री खाल्ल्या. वळण मोडून रेघा केल्या की ६ चा ५ दिसायचा. प्रोग्राम हजार अक्षरांच्या बाहेर गेला, दोन तुकड्यांत चिकटवावा लागायचा. लागू दे म्हटलं.

फेब्रुवारीतल्या शेवटच्या वेचणीचा चुकारा. यादीत काकूच्या नावावर टेकवलं, तसे पडदाभर तीन आकडे एकेका रेघेनं उमटत गेले. यंत्र धीमं होतं, त्यामुळे कुणी पाटीवर लिहीत असल्यासारखं वाटायचं. काकूनं डब्बी दोन्ही हातांत धरली, कंदिलाकडे वळवली.

"एकशे... बासट," ती म्हणाली. मग बोटांवर मोजलं, मान हलवली आणि मागच्या बाईला म्हणाली, "ये वं, तुह्ये पाय."