वरच्या मजल्याचे दहा रुपये

पॅन्टचे खिसे तपासल्याशिवाय मशीन लावायचं नाही, असा आमच्या घरात नियम आहे आणि तो मोडणारा मी एकटाच आहे. रविवारी दुपारी कपडे वाळत घालताना करड्या पॅन्टच्या मागच्या खिशातून कागदाचा एक लगदा निघाला. नखानं हळूहळू उलगडला, तर अक्षरं अजून शाबूत. अपर डेक, रु. १०. एलिफंटाच्या लाँचचं कुपन.

पंधरा दिवसांपूर्वी नाशिकहून भाची आली होती, तिला घारापुरीला नेलं होतं. गेटवेला तिकिटं काढली, लाँच सुटली, ताज मागे सरकायला लागला आणि मगच एक पोरगा कुपनांचं पुस्तक घेऊन आला. ऊपर बैठना है तो दस रुपया. ही पद्धत जुनीच आहे, आणि वेळही त्यांना बरोबर कळते. धक्क्यावर मागितले असते तर मी वाद घातला असता. पाण्यात कोण वाद घालणार? शिवाय भाची तोवर अर्ध्या जिन्यात पोचली होती. "मामा, चल ना, वरून व्ह्यू मिळतो!"

दिले वीस रुपये. बाबांना हे अजून सांगितलेलं नाही.

कारण 'बघायला पैसे पडत नाहीत' हे आमच्या बाबांचं वाक्य. दुकानाच्या काचेतली खेळणी, लग्नाच्या हॉलबाहेरची रोषणाई, दुसऱ्याच्या दारातली नवी फियाट, या सगळ्यांना ते एकच वाक्य पुरायचं. त्यातला अर्धा भाग उच्चारलेला नसायचा: घ्यायला पडतात. तो आम्ही मुलं आपापला समजून घ्यायचो.

ह्याच वाक्याच्या जोरावर दर मे महिन्यात एकदा आम्ही डोंबिवलीहून मुंबईला 'दिवे बघायला' जायचो. स्कायलाइन हा शब्द तेव्हा आमच्यापर्यंत पोचला नव्हता, आणि त्याला मराठीत काय म्हणावं हे मला अजून सुचलेलं नाही. क्षितिजरेषा म्हटलं की मी थेट चित्रकलेच्या वहीत जाऊन पडतो: दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, मराठी चारच्या आकड्यासारखे पक्षी. दिवे हाच शब्द बरा होता. दुपारच्या गाडीनं निघायचं, बोरीबंदरला उतरायचं, तिथून मलबार हिलवरच्या कमला नेहरू पार्कची बस. ती १०६ नंबरची की १०८, यावर आईबाबांचं अजून एकमत नाही. पिशवीत पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि फिरकीचा तांब्या. पार्कातल्या म्हातारीच्या बुटात, म्हणजे बुटाच्या आकाराच्या घरात, आम्ही भावंडं आलटून पालटून चढायचो, वरच्या खिडकीतून खाली हात करायचो. ते मात्र सगळं वेळ काढण्यापुरतं. खरा कार्यक्रम सात वाजता.

कठड्याशी जागा धरावी लागायची. बाबा साडेसहालाच उभे राहायचे, कोपर टेकून, एसटीची खिडकी धरल्यासारखे. खाली चौपाटी, डावीकडून वळत गेलेला मरीन ड्राइव्ह आणि पार टोकाला नरिमन पॉइंटचे ठोकळे. बाबा बोट दाखवून ओळख करून द्यायचे. "तो एअर इंडियाचा. तो एक्स्प्रेस टॉवर. तो ओबेरॉय." नातेवाइकांची नावं सांगावीत तसं. तो एअर इंडियाचा, म्हणजे तेवीस मजली, हेही ते सांगायचे आणि आम्ही दरवर्षी मोजायचो. इतक्या लांबून मजले मोजता येत नाहीत. पण तेवीसच भरायचे.

मग दिवे लागायचे. एकदम नाही. सोडियमचे दिवे ते, लागताना आधी लालसर-गुलाबी, आजाऱ्यासारखे, आणि मग दोन-चार मिनिटांत पिवळे होत जाणारे. मध्येच एखादा तुकडा अंधारातच राहायचा आणि आजूबाजूचे अनोळखी लोकसुद्धा "ए, तिकडचे राहिले" म्हणून हळहळायचे. तो तुकडा लागला की सगळ्या कठड्यावर एक समाधान पसरायचं. जणू आम्हीच बटण दाबलं होतं.

"ह्याला राणीचा हार म्हणतात," बाबा म्हणाले. पहिल्याच वर्षी बहुधा.

आईनं बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "अहो, पण ह्याचा आकडा कुठाय?"

त्या वर्षी तिच्या पोतेचा आकडा तुटला होता आणि तिनं तो काळ्या दोऱ्यानं बांधला होता. बाबांनी नरिमन पॉइंटकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "तिकडे असेल. मागच्या बाजूला." त्यावर दोघंही हसले नाहीत, असं मला आठवतंय. आठवणीचा काय भरवसा म्हणा.

उतरून चालत चौपाटीवर, आणि तिथून मरीन ड्राइव्हच्या कट्ट्याकट्ट्यानं परत. अ‍ॅम्बॅसेडर हॉटेलसमोर थांबायचं, हे ठरलेलं. त्याच्या डोक्यावरची ती गोल टोपी म्हणजे फिरतं हॉटेल, वर बसून जेवता जेवता सगळी मुंबई दिसते, असं बाबांनी सांगून ठेवलं होतं. मी मान मोडेपर्यंत वर बघायचो. फिरतंय की नाही? मला कधीही ते फिरताना दिसलं नाही. बहीण मात्र दरवर्षी "फिरलं, फिरलं!" म्हणून ओरडायची आणि मला तिचा हेवा वाटायचा. मागे एकदा विचारलं तिला, खरंच दिसायचं का गं? ती म्हणाली, "छे रे. मला शू लागलेली असायची. दिसलं म्हटलं की बाबा पुढे निघायचे."

२०१५ मध्ये मरीन ड्राइव्हचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले, तेव्हा बाबा डोंबिवलीत पेपर आपटून म्हणाले होते, "सोन्याचा काढून चांदीचा घातला!" त्यांच्या घरातली वस्तू कुणी परस्पर मोडीत घातल्यासारखे चिडले होते. बरीच ओरड झाली, पिवळी छटा परत आली. २०१८ साली त्याच रस्त्यावरच्या आर्ट डेको शैलीच्या इमारती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. बाबा म्हणाले, "चला. त्यांनाही दिसल्या."

तर अशा घरातून मी आलो. त्यामुळे कुणी मला छतावरच्या रेस्टॉरंटात चल म्हणालं, की माझ्या पोटात गोळा येतो. तिथे कॉफीच्या किमतीत अर्धी कॉफी आणि अर्धा समुद्र असतो, आणि समुद्राचे पैसे मी का द्यायचे? तोच समुद्र चर्चगेटहून सुटलेल्या गाडीत डाव्या खिडकीला बसलं, की मरीन लाइन्स ते चर्नी रोडच्या दरम्यान जिमखान्यांच्या मधल्या फटींतून पाच रुपयांच्या तिकिटात दिसतो. पलीकडे मलबार हिलचे मनोरे, मध्ये पाणी. पाव मिनिट दिसतो, मग भिंत, मग परत. समोरचा माणूस मोबाइलमधून मान वर काढत नाही. त्याचा वाटा मीच बघून घेतो.

डबल डेकरच्या वरच्या मजल्यावरची अगदी पुढची सीट हे माझं दुसरं ठिकाण होतं. फांद्या काचेवर आपटायच्या, आणि पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या लोकांच्या घरात काय चाललंय ते दिसायचं, तेही नजर चोरावी लागू नये इतक्या वेगात. सप्टेंबर २०२३ मध्ये त्या लाल गाड्या कायमच्या गेल्या. आता विजेवर चालणाऱ्या एसी डबल डेकर आहेत. चांगल्या आहेत. फांद्या आत येत नाहीत.

मोनोरेलची लोकांनी फार टर उडवली. माझं मत विचाराल, तर ४० रुपयांत चेंबूरहून संत गाडगे महाराज चौकापर्यंत एवढी मुंबई दुसऱ्या कुणी दाखवली नाही. तेलशुद्धीकरणाच्या चिमण्या, खाडी, वडाळ्याच्या डेपोची पत्र्यांची छपरं, आणि मग नायगावात शिरल्यावर एकदम कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या उंचीवर. कुकरच्या शिट्ट्या मोजता येतील इतक्या जवळून. प्रवासीच नसायचे, म्हणून खिडकी हमखास. सप्टेंबर २०२५ मध्ये दुरुस्तीसाठी तीही बंद ठेवली, तेव्हा मला वाईट वाटलं असं मी ऑफिसात बोललो आणि लोकांनी माझ्याकडे काळजीनं बघितलं.

वांद्र्याचा किल्ला आहे. पोर्तुगीजांनी १६४० मध्ये समुद्रावर नजर ठेवायला बांधला, आता तिथून सी लिंक आणि पलीकडची वरळी यांवर नजर ठेवता येते, आणि छत्र्यांखालच्या जोडप्यांवर ठेवायची नाही एवढंच पथ्य.

मलबार हिलवर आता झाडांमधून जाणारी एक उंच लाकडी वाट झाली आहे, २०२५ च्या मार्चअखेरीस उघडलेली. तिला तिकीट आहे, २५ रुपये. म्हातारीच्या बुटाच्या एवढ्या जवळ, आणि तिकीट! मी फाटकापर्यंत गेलो, दोन मिनिटं उभा राहिलो आणि जुन्या कठड्याशी परत आलो. २५ रुपये माझ्याकडे होते. मी त्या दिवशी चहा-बिस्किटांवर साठ रुपये घालवले. ह्याला काही तर्क नाही, हे मला माहीत आहे. कुणी समजावायच्या भानगडीत पडू नये.

लालबागला आत्या राहते, चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. तिच्या गॅलरीतून लहानपणी आम्ही गिरण्यांच्या चिमण्या मोजायचो, आणि कुठला भोंगा कुठल्या गिरणीचा यावर आतेभाऊ पैज लावायचा. काका गिरणीत होते. १९८२ च्या जानेवारीत संप झाला आणि त्यानंतर काका गॅलरीत बसून असायचे. चिमण्या दिसायच्या, धूर नसायचा. त्याच गिरण्यांच्या जमिनींवर आता देशातले सगळ्यात उंच मनोरे आहेत. वर्ल्ड वन श्रीनिवास मिलच्या जागेवर, २८० मीटर. पॅले रॉयाल श्रीराम मिलच्या जागेवर, त्याच्याहून उंच. पाहुणे आले की आत्याच्या गॅलरीत गर्दी करतात, मोबाइल वर करतात. "काय व्ह्यू आहे तुमच्याकडे! कोटी कोटी मोजतात लोक ह्याला."

आत्या आत वाटीनं पोहे मोजत असते. मागच्या उन्हाळ्यात मीही असंच काहीतरी बोललो. ती बाहेर आली, पदरानं हात पुसले आणि गॅलरीतल्या खाटेवरचा पापडांचा पंचा दाखवला. "चार वाजले ना, की तो समोरचा टॉवर माझ्या पापडांवर पडतो. पूर्वी दोन दिवसांत व्हायचे, आता चार दिवस लागतात." मग सावली कुठपर्यंत आली ते तिनं बोटानं दाखवलं. तीन रांगा उन्हात होत्या, दोन सावलीत. आम्ही बोलत होतो तेवढ्यात तिसरी गेली.

बघायला पैसे पडत नाहीत, हे मी तिच्यासमोर म्हणालो नाही.

लाँचच्या वरच्या मजल्यावरून काय दिसलं ते राहिलंच. भाची समुद्रपक्ष्यांना गाठिया टाकत होती, त्यातले निम्मे माझ्या डोक्यावर. ताजचा जुना घुमट आणि शेजारचा नवा टॉवर आधी वेगवेगळे दिसत होते, मग चिकटले. गेटवे काडेपेटीएवढा झाला. मागून स्टॉक एक्स्चेंजची इमारत वर आली, बाजूला नौदलाच्या करड्या बोटी. मुंबई आता पश्चिमेकडे तोंड करून बसते. बंदराची ही बाजू एके काळी पुढचं दार होती, आता परसदारासारखी वाटते, बंब, बादल्या आणि वाळत घातलेल्या क्रेन असलेली. मला आवडली. अर्ध्या तासात सगळं धुरकट हवेत विरघळलं आणि भाची म्हणाली, "मामा, संपली मुंबई." खालच्या मजल्यावरूनही हे सगळं दिसलंच असतं. फार तर कठड्याची एक पट्टी मध्ये आली असती.

मलबार हिलच्या पोटातून आता कोस्टल रोडचा बोगदा गेलाय, चौपाटीच्या बाजूनं शिरून पलीकडे प्रियदर्शिनी पार्कला निघणारा, आणि तिथून पुढे वरळीपर्यंत समुद्राकाठी चालायला मोकळी फरसबंद वाट आहे. फुकट आहे. बाबांना तिथे न्यायचं मनात आहे, पण त्यांचे गुडघे आता डोंबिवलीच्या जिन्यालाच कुरकुरतात. गेल्या आठवड्यात फोनवर त्यांना वर्णन करून सांगत होतो, तेव्हा मध्येच म्हणाले, "मी एकदा गेलो होतो बरं का वर."

"कुठे वर?"

"नरिमन पॉइंटला. एकोणिसाव्या मजल्यावर. साहेबांनी फाइल घेऊन पाठवलं होतं. शहाऐंशी साल असेल."

हे मला नवीन होतं. इतक्या वर्षांत, त्या कठड्यावर उभं राहून इतक्यांदा बोट दाखवताना, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, मग? कसं दिसत होतं? मलबार हिल दिसली असेल समोर. आपला कठडा दिसला का?

"खिडकी तिथल्या साहेबांच्या पाठीमागे होती रे," बाबा म्हणाले. "ते सही करत होते. साहेबांसमोर उभं राहून खिडकीबाहेर कसं बघायचं?"

मग त्यांनी गॅस आला का विचारलं, आईला फोन दिला.

कुपन मी दोरीवर चिमटा लावून वाळत घातलं होतं. मशीननं पी-पी केलं. दुसरा घाणा काढायचा होता.