शिक्षेआधीची गृहभेट

चोरीच्या पहिल्याच गुन्ह्यात दोषी ठरलेल्या एका एकोणीस वर्षांच्या मुलाच्या घरी आज परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर, म्हणजे दोषीची पार्श्वभूमी तपासून न्यायालयाला अहवाल देणारा अधिकारी) म्हणून गृहभेट दिली. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ६ नुसार २१ वर्षांखालील अशा व्यक्तीला तुरुंगात पाठवण्याआधी न्यायालयाने आमचा अहवाल विचारात घ्यायचा असतो, आणि तरीही कारावासच द्यायचा झाल्यास त्याची कारणे नोंदवायची असतात. म्हणून या अहवालातल्या प्रत्येक वाक्याची जबाबदारी मला फार मोठी वाटते.

शेजारी, जुने शिक्षक, घरातली मिळकत या साऱ्याची विचारपूस झाली. त्याच्या आईने मात्र एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली, "साहेब, त्याला पुढं नोकरी लागंल का?" चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, म्हणजे लेखी हमीवर, सुटका झाल्यास दोषसिद्धीमुळे कायद्याने येणारी अपात्रता कलम १२ मुळे लागू होत नाही, हे मी त्यांना सावकाश समजावले, निर्णय न्यायालयाचा आहे, हेही स्पष्टपणे सांगितले. ही तरतूद इतक्या कमी कुटुंबांना ठाऊक असावी, याचे मला मनापासून वाईट वाटते. ज्या गॅरेजमध्ये तो काम शिकत होता, तिथले मालक त्याला परत घेतील का, हे उद्या प्रत्यक्ष जाऊन विचारणार आहे.