पिवळी पिशवी आणि एक स्क्रूड्रायव्हर

अस्वल दारातूनच परत आलं तेव्हा मला चांगलाच राग आला होता.

माझ्या कमरेच्या वर येईल एवढं, पांढरंशुभ्र, गळ्यात लाल रिबीन. धाकट्याचे कॅन्सरचे उपचार संपून सात महिने झाले होते, सणाच्या सुट्ट्या तोंडावर आल्या होत्या, आणि ज्या वॉर्डातून आमचं पोर घरी आलं तिथे काहीतरी घेऊन जायचं हे आम्ही दोघांनी कधीचं ठरवून ठेवलं होतं. अस्वलाला गाडीच्या मागच्या सीटवर पट्टा लावून बसवून नेलं. टेबलावरच्या बाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "हे आत नाही घेता येणार हो."

लाज नंतर वाटली. अडीच वर्षं त्या वॉर्डाच्या आत-बाहेर करणारी बाई मी. केमो चालू असताना पोरांचे न्यूट्रोफिल्स, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, पाचशेच्या खाली गेले की साधा ताप आला तरी सगळ्यांची पळापळ होते, हे मी रोज बघितलेलं. ताजी फुलं आत येत नाहीत, कारण ओल्या मातीत आणि फुलदाणीच्या पाण्यात बुरशी आणि जंतू असतात. लेटेक्सचे फुगे नकोत, कारण काहींना त्याची ॲलर्जी असते आणि फुटलेला तुकडा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो. हे सगळं पाठ असताना मी धूळ धरून ठेवणारं, धुता न येणारं ते धूड उचलून आणलं होतं. खरं सांगू? ते मी माझ्यासाठीच घेतलं होतं. आमचे आभार मोठे दिसावेत म्हणून.

सुट्ट्यांमधला वॉर्ड कसा असतो ते आठवून पाहिलं, तेव्हा कुठे डोकं ताळ्यावर आलं.

धाकटा तेव्हा सहा वर्षांचा. रक्ताचा कर्करोग, लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा तोच, एएलएल (अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया). ज्यांना जमेल त्यांना डॉक्टर सणासाठी घरी सोडतात, त्यामुळे वॉर्ड अर्धा रिकामा. मागे राहतात ती ज्यांना सोडता येत नाही ती. त्या रविवारी एका सकाळीच चार गट येऊन गेले. चौथ्या गटात एका गृहस्थांनी धाकट्याच्या हातात खोका दिला, पण सोडला नाही. दोघांनी खोका धरलेला, समोर कॅमेरा. पोराच्या डोक्यावर केस नाहीत, तोंडाला मास्क, नाकावर रात्रीच्या घोळण्याचं वाळलेलं रक्त. "जरा हस ना बाळा." मास्कच्या आत तो हसतोय की नाही हे कुणाला दिसणार होतं, देव जाणे. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही नको म्हणाले नाही. समोरचा माणूस आपल्याला काहीतरी देत असतो, तेव्हा तोंडातून 'नको' फुटत नाही. ते चांगले लोक होते. तरी तो फोटो कुठेतरी असेल, या विचाराने अजून पोटात गोळा येतो.

समोरच्या खाटेवर पंधरा वर्षांचा मुलगा होता. मिसरूड फुटलेलं. त्याला खुळखुळ वाजणारा हत्ती मिळाला. त्याने नीट "थँक्यू" म्हटलं आणि लोक गेल्यावर हत्तीचं तोंड भिंतीकडे करून ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून कुणीच नाही. खेळाच्या खोलीला कुलूप, कारण तिथल्या ताई सुट्टीवर.

आणि थोरली. ती नऊ वर्षांची, आणि बारा वर्षांखालच्या मुलांना वर सोडत नसत. ती खाली मावशीबरोबर बसून राहायची. भावाला किती खेळणी मिळाली हे मी कौतुकाने सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मला कॅन्सर नाही ना." नऊ वर्षांची पोर.

म्हणून अस्वल घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी मी तेच केलं जे आधी करायला हवं होतं. फोन केला. समाजसेवा विभागातल्या बाईंना सरळ विचारलं, काय हवंय? त्यांच्याकडे यादी तयारच होती, फक्त कुणी विचारत नाही म्हणाल्या. नवीन, पुसता किंवा धुता येणारी खेळणी. कागदात न गुंडाळलेली, कारण प्रत्येक वस्तू त्यांना तपासावी लागते. कागद आणि रिबिनी वेगळ्या द्या, म्हणजे रात्री आईबाबांना आपल्या हाताने गुंडाळता येतं. (हे ऐकून मी फोनवरच रडले. आमच्या वेळी ते खोके दुसऱ्यांच्या हातून आले होते.) मोठ्या मुलांसाठी हेडफोन, पत्ते, बरी वही-पेनं. भावंडांसाठी काहीही. पालकांसाठी लांब वायरीचे चार्जर, कारण प्लग खाटेच्या मागे असतो आणि खुर्ची खाटेच्या पुढे. जंतुनाशक लोशन, टूथब्रश, जाड मोजे. आणि शक्य असेल तर सणानंतर पंधरा दिवसांनी आणा, सगळं एकदम आलं की ठेवायला जागा नसते.

मग थोडं थांबून म्हणाल्या, "आणि तुम्ही प्लेटलेट्स का देत नाही?"

वॉर्डातल्या त्याच सुट्ट्यांमधली एक रात्र आहे. धाकट्याच्या प्लेटलेट्सचा, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशींचा, काउंट आठ हजारांवर. निरोगी माणसात दीड लाखाच्या वर असतो. घोळणा फुटला आणि थांबेचना. मी नाक दाबून बसलेली, टॉवेल बदलत. सिस्टर म्हणाल्या, प्लेटलेट्स मागवल्यात, पण साठा कमी आहे, सुट्ट्या ना. तेव्हा कळलं नव्हतं सुट्ट्यांचा काय संबंध. लाल पेशी शीतपेटीत पाच-सहा आठवडे टिकतात. प्लेटलेट्स थंडीत ठेवून चालत नाहीत. त्या बावीस अंशांच्या आसपास सतत हलवत ठेवाव्या लागतात आणि बहुतेक ठिकाणी पाचच दिवस वापरता येतात. म्हणजे दाते चार दिवस गावाला गेले की साठा सरळ आटतो. पोरांचे काउंट मात्र सणवार बघून पडत नाहीत. पहाटे सव्वातीनला पिशवी आली. फिकट पिवळी. एवढ्याशा पिशवीसाठी मी कुणाच्या तरी पाया पडायला तयार होते, पण ते कोण हे कधीच कळणार नव्हतं.

आता दर सुट्ट्यांमध्ये, लोक निघून गेले की मी जाते. आधी शिरा तपासतात, काउंट बघतात, ॲस्पिरिन घेतलंय का विचारतात. मग दीड-दोन तास खुर्चीत. मशीन रक्त ओढतं, प्लेटलेट्स वेगळ्या काढतं, उरलेलं परत देतं. रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या सायट्रेटमुळे ओठांना मुंग्या येतात, मग कॅल्शियमची गोळी चघळायला देतात. पहिल्या वेळी मी मुंग्यांना घाबरून मशीन थांबवायला लावलं होतं. आता नुसतं सांगते, सिस्टर, ओठ. शेजारी टांगलेली पिशवी हळूहळू भरत जाते, आणि मी पुस्तक उघडून एकही पान वाचत नाही.

नवरा येत नाही, त्याला सुई बघवत नाही. थोरली सतरा वर्षांची झालीय, अठराव्याची वाट बघतेय. 'भावंडांसाठी' असं लिहिलेली पिशवी तिची, त्यात काय टाकायचं हे मला विचारत नाही.

धाकटा चौदाचा आहे. तो त्या इमारतीत पाऊल टाकत नाही. वास सहन होत नाही म्हणतो, आणि मी कधी आग्रह केला नाही. गाडीत बसून राहतो. पण यंदा निघताना त्याने माझ्या पिशवीत एक पुडी टाकली. आत पेन्सिल सेलचे दोन संच आणि एक छोटा स्क्रूड्रायव्हर.

"हा कशाला?"

"खेळण्यांच्या सेलच्या झाकणाला स्क्रू असतो. रात्री कुणाकडेच नसतो. माझी ती गाडी तशीच पडून होती, आठवत नाही तुला?"

मला आठवत नव्हतं. पुडी खेळाच्या खोलीतल्या ताईंच्या हातात दिली, आणि ती कशासाठी आहे ते त्यांना नीट समजावून सांगितलं.